गोकाक गेला, ओव्हर

चिकोडीकर कुठल्याही खोलीत सरळ शिरत नाहीत. दाराबाहेर भिंतीला पाठ लावून थांबतात, मग अर्धं अर्धं पाऊल बाजूला सरकत आत बघतात. आधी एक कोपरा, मग त्याच्या शेजारची खिडकी, मग पुढचं टेबल. अख्खी खोली अशी डोळ्यांखालून गेली, की मगच उंबरा ओलांडतात.

"भाकरी अख्खी तोंडात कोंबतो काय आपण? चतकोर चतकोर मोडतो. खोली पण तशीच बघायची असते, अक्का."

ही खोली म्हणजे महादेवपुऱ्यातल्या आमच्या ऑफिसचं कँटीन. आत शत्रू नसतो, इडली असते. चिकोडीकरांचा शेवटचा चतकोर बघून होईपर्यंत बऱ्याचदा तीही नसते.

चिकोडीकर त्रेपन्न वर्षांचे, मी चव्वेचाळीसची. तरी मी त्यांची अक्का. ते बेळगावकडचे, मी पुण्याची. त्यांच्या मराठीत 'खरं' म्हणजे 'पण', हे कळायला मला सहा महिने लागले. "काम झालंय खरं" असं ते म्हणाले, की मी निर्धास्त होऊन घरी जायची. दुसऱ्या दिवशी कळायचं, की त्या 'खरं'च्या पुढे एक वाक्य होतं आणि ते ऐकायला मी थांबले नव्हते.

आमच्याकडे आठवड्यातून दोनच दिवस ऑफिसला यायची सक्ती आहे. चिकोडीकर पाचही दिवस येतात. "सोमवारी तिथे असतं तरी कोण?" मी एकदा विचारलं. "एसी असतंय की," ते म्हणाले.

आणि रविवारी ते लढाईला जातात. खेळातल्या लढाईला. एअरसॉफ्ट म्हणतात त्याला. बंदुका दिसायला अगदी खऱ्या, पण चालतात बॅटरीवर, आणि आतून सुटतात प्लॅस्टिकचे, साबुदाण्यापेक्षा थोडे मोठे छर्रे. दोन टोळ्या, एक झेंडा, दोन-तीन तासांचा डाव. छर्रा लागला की ओरडून सांगायचं, हात वर करायचा, डोक्यावर लाल फडकं टाकायचं आणि डाव संपेपर्यंत बाहेर जाऊन बसायचं. छर्ऱ्याचा डाग पडत नाही. त्यामुळे लागला की नाही हे ज्याचं त्यानं प्रामाणिकपणे सांगायचं. या खेळातली सगळी भांडणं या एका प्रामाणिकपणावरून होतात.

मी यात पडले ती ऑफिसच्या एका सहलीमुळे. पुढेही जात राहिले, कारण रविवारी घरी नवरा एका खोलीत एका स्क्रीनसमोर असतो, मुलगी दुसऱ्या खोलीत दुसऱ्या स्क्रीनसमोर, आणि मी मधल्या स्वयंपाकघरात. मैदानावर छर्रे लागतात, पण "आई, माझा चार्जर कुठंय?" असं कोणी विचारत नाही. गुडघे दुखतात. ते घरीही दुखतातच.

मैदान सर्जापूरच्या पुढे, निलगिरीच्या एका जुन्या बागेत आहे. मंजुनाथ नावाचा माणूस ते चालवतो. सकाळी तो प्रत्येकाच्या बंदुकीचा वेग यंत्रावर तपासतो, गॉगल ओढून बघतो आणि मोबाइल काढून घेऊन पेटीत ठेवतो. चिकोडीकरांपाशी आला, की मात्र तो दोन पावलं लांब उभा राहतो. कारण चिकोडीकरांनी झाडीत दिसू नये म्हणून गोणपाटाचा एक अंगरखा स्वतः शिवलाय, आणि ती गोणपाटं निपाणीच्या तंबाखूची आहेत. अंगरखा घातलेले चिकोडीकर झाडीत दहा फुटांवरून दिसत नाहीत. पण दर पाच मिनिटांनी झुडूप शिंकतं.

छातीवर खिशांची झूल. त्यात छर्ऱ्यांची जादा मॅगझिनं, शिट्टी, होकायंत्र आणि प्लॅस्टिकमध्ये घातलेला स्वतः काढलेला नकाशा. शिवाय एक पिशवी, तिच्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि चहाचा थर्मास. वॉकीटॉकीवर प्रत्येकाला एक टोपणनाव लागतं. आमच्या टोळीत तीन घोस्ट आहेत आणि दोन कोब्रा. चिकोडीकरांनी नाव घेतलं 'गोकाक'.

"गोकाक काय, काका?" आमचा कॅप्टन निखिल म्हणाला. निखिल नागपूरचा, अठ्ठावीस वर्षांचा, आणि या खेळाच्या बाबतीत कमालीचा गंभीर.

"नाव असं पाहिजे की खरखरीत पण ऐकू यावं. घोस्ट म्हटलं तर होस्ट ऐकू येतंय, पोस्ट ऐकू येतंय. गोकाक म्हटलं की गोकाकच."

नवीन माणूस आला, की चिकोडीकर त्याला पहिला धडा देतात तो आड आणि आडोसा यांच्यातल्या फरकाचा. "आड म्हणजे ज्यातनं छर्रा येत नाही. आडोसा म्हणजे नुसतं दिसत नाही, खरं छर्रा येतोय. वारूळ आड हाय, झुडूप आडोसा हाय." मग आवाज खाली आणून, "ऑफिसात मॅनेजर हा आडोसा हाय. आड समजून मागं लपू नका."

एवढं ज्ञान आणि एवढा सरंजाम असलेला हा माणूस दर डावात पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत मरतो.

आधी झाडीतून "गेलो!" अशी दणदणीत आरोळी येते. मग वॉकीटॉकीवर शांतपणे, "गोकाक गेला. ओव्हर."

"काका, मेलेल्यानं रेडिओवर बोलायचं नसते!" निखिल करवादतो.

"कळवायला नको काय? माणसं वाट बघत बसतात."

मेलेले बसतात ती जागा फणसाच्या एका मोठ्या झाडाखाली आहे. खाली दगड रचलेत. मुलं तिला डेड झोन म्हणतात, चिकोडीकर पार म्हणतात. मोबाइल पेटीत, डाव संपायला दोन तास, आणि डोक्यावर लाल फडकं. अशा अवस्थेत माणूस काय करणार? बोलतो.

माझ्या पहिल्या डावात मी चौथ्या मिनिटाला गेले, तेही आमच्याच टोळीतल्या एका घोस्टच्या हातून. चाळिशी उलटलेल्या बाईनं डोक्यावर फडकं घेऊन एकटीनं फणसाखाली बसायचं, आणि लांबून पोरांच्या आरोळ्या ऐकायच्या. आपण इथे का आलो, असं मनात येतच होतं, तेवढ्यात गोणपाट शिंकत आलं. "अक्का, दशमी खाणार?" डाव संपायची शिट्टी झाली, तोवर माझं त्यांना थांबलेल्या बढतीचं सांगून झालं होतं, आणि मुलगी दहावीनंतर पुण्याला आजीकडे राहायला जायचं म्हणतेय हेही. हे मी माझ्या बहिणीलासुद्धा सांगितलं नव्हतं. चिकोडीकर काही सल्ला देत नाहीत. "मग?" म्हणतात. आणि थोड्या वेळानं पुन्हा, "मग?"

ते दरवेळी इतक्या लवकर कसे मरतात, ते मला पुढे एका रविवारी कळलं. त्या दिवशी आमच्या टोळीत एक नवीन मुलगी होती. सुरुवातीलाच तिच्या हाताला छर्रा लागला. लागण्यापेक्षा लाजेनंच बिचारीचा चेहरा पडला, आणि ती फडकं घेऊन पाराकडे गेली. मी आणि चिकोडीकर एका वारुळामागे होतो. चांगला आड होता. समोरचे दोघं लांब होते आणि आमच्या दिशेनं उगीच अंदाजानं मारत होते. चिकोडीकरांनी मान वळवून ती मुलगी झाडाखाली एकटी बसलेली बघितली. घड्याळ बघितलं. मग एक छर्रा आमच्यापासून चांगला चार हात लांब, निलगिरीच्या खोडावर टक्कन वाजला.

"गेलो!" चिकोडीकर ओरडले आणि हात वर करून उठले.

"अहो, तुम्हाला कुठे लागला?"

"लागला की."

"कुठे?"

"आत कुठंतरी," म्हणाले आणि पिशवी घेऊन निघाले.

लागलेला छर्रा लपवणारे मी डझनभर पाहिलेत. न लागलेला कबूल करणारा हा एकच. मी कोणाला बोलले नाही. बोलणार तरी काय? घरी आले, कुकर लावला.

पण निखिलला आकडे दिसत होते. होसूरच्या टोळीकडून आम्ही ओळीनं चार वेळा हरलो होतो आणि पाचवा सामना ठरला होता. तो मला म्हणाला, "ताई, काकांना सांगा ना जरा. काहून मरतात ते दरवेळी? एक तर टिका, नाही तर या वेळी बाहेर बसा. मी नाही सांगू शकत, मला कसंतरी वाटते."

कसंतरी वाटणारी सगळी कामं माझ्याकडे येतात. ऑफिसातही तेच. मंगळवारी कँटीनमध्ये चिकोडीकरांची खोली बघून झाल्यावर मी सांगितलं. त्यांनी इडलीचा तुकडा सांबारात बुडवला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

"म्हणजे मला काढून टाकणार काय?"

"नाही हो. टिका, एवढंच म्हणतायत."

"बरं की," ते म्हणाले. "टिकतो."

आणि टिकले. या माणसाला टिकता येतं, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं. त्यांनी आदल्या आठवड्यात गोणपाट तीनदा धुतलं होतं, त्यामुळे झुडूप शिंकेना. झेंड्यापासून वीस हातांवर, एका चरात, पालापाचोळा अंगावर ओढून ते पालथे पडले ते जवळजवळ तीन तास. निखिल वॉकीटॉकीवर हाका मारायचा आणि उत्तरादाखल नुसती दोनदा कळ दाबल्याची टकटक यायची.

मी विसाव्या मिनिटाला गेले. माझ्या मानानं तो विक्रमच होता. पारावर पोचले, तर होसूरकडची एक बाई आधीच बसलेली होती. पन्नाशीची, सेल्वी नावाची. माझ्याकडे पाठ करून बसली होती. मी दुसऱ्या टोकाच्या दगडावर टेकले. मला वाटलं, आता चिकोडीकर येतील आणि सुरू करतील. दहा मिनिटं गेली, वीस गेली. मग लक्षात आलं, की आज ते यायचे नाहीत. आणि त्यांना यायचं नाही असं मीच सांगितलं होतं.

त्यांची पिशवी फणसाला टांगलेली होती. मी अगदी दमले होते. गुडघे ठणकत होते आणि कोणाशी ओळख काढायचं त्राण अंगात नव्हतं. तरी उठले. पिशवीतला डबा काढला आणि तिच्यासमोर धरला. "स्वल्प?" म्हटलं. माझं कन्नड एवढंच.

तिनं दशमी घेतली. मग थोडं कन्नड, थोडं हिंदी, थोडं इंग्रजी करत ती बोलायला लागली. तिची आई सगळं विसरत चाललीय. सेल्वीला ती शेजारीण समजते. "आणि गंमत म्हणजे," सेल्वी म्हणाली, "मुलीवर सारखी डाफरायची, शेजारणीशी फार गोड वागते." म्हणून सेल्वी आता रोज सकाळी घराबाहेर जाते, दार वाजवते आणि शेजारीण होऊन आत येते. आई तिला बसवते, कॉफी देते आणि मुलीच्या तक्रारी सांगते. "गेल्या शुक्रवारी मात्र," सेल्वी सांगत होती, तेवढ्यात शिट्टी झाली.

आम्ही जिंकलो होतो. चिकोडीकरांनी चरातून एकट्यानं चौघांना टिपलं आणि झेंडा राखला. निखिलनं त्यांना उचलायचा प्रयत्न केला, जमेना, मग दोन कोब्रांनी मदत केली. त्यांच्या मानेवर मुंग्या चावल्याच्या गांधी उठल्या होत्या. सगळे त्यांच्याबरोबर फोटो काढत होते. ते गर्दीत मान वळवून वळवून पाराकडे बघत होते. मग पोरं बियर प्यायला म्हणून कोरमंगलाला गेली. काकांना चला म्हणाली, पण तोंडदेखलं. ते कळतंच.

मी त्यांना इलेक्ट्रॉनिक सिटीत घरी सोडते. त्या दिवशी चंदापुऱ्याला गाड्या अर्धा तास हलल्या नाहीत. चिकोडीकर शेजारी डब्याची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते.

"मस्त खेळलात हो," मी म्हटलं.

"हं."

मग म्हणाले, "अक्का, पुढच्या वेळेस मी यायचा नाही बहुतेक."

"का? आता तर तुम्ही हिरो झालात."

"तीन तास तोंड मिटून पडलो होतो. गप्प बसायचंच असलं, तर मला घर हाय की."

हे ते तक्रारीच्या सुरात म्हणाले नाहीत. कँटीनला आज इडली नाही, असं सांगावं तसं म्हणाले. त्यांची आई जाऊन नऊ वर्षं झालीत, लग्न राहून गेलंय, बहीण गडहिंग्लजला असते, हे मला माहीत होतं. पण त्यांनी ते एका वाक्यात उरकलेलं होतं, आणि मी कधी "मग?" म्हटलं नव्हतं.

"आज आधी कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

"होसूरची एक बाई. सेल्वी."

"एकटी बसली काय?"

"नाही. मी होते. तुमच्या दशम्या दिल्या तिला."

ते माझ्याकडे वळून बसले. "काय म्हणत होती?"

मी सांगायला लागले. आई, दार वाजवणं, कॉफी. मला काही गोष्ट रंगवून सांगता येत नाही, पण रस्ता लांब होता. ते मध्येच हसले, मध्येच "अगं आई गं" म्हणाले. मधेमधे "मग?" चालूच होतं. त्यांच्या इमारतीचं फाटक आलं, तेव्हा मी नुकती शुक्रवारपर्यंत पोचले होते. मी गाडी थांबवली. त्यांनी पट्टा सोडला, पण दाराला हात लावला नाही.

"शुक्रवारी काय झालं खरं?"

"तेवढ्यात शिट्टी झाली हो. पुढचं राहिलं."

"मग पुढच्या रविवारी विचारायला पाहिजे."

"तुम्हीच विचारा. पण त्यासाठी आधी मरावं लागेल."

"मरतो की," चिकोडीकर म्हणाले. मग, "तुमच्या मुलीचं काय ठरलं? पुण्याला जाणार म्हणत होती ती?"

घरी जाऊन पोळ्या करायच्या होत्या. पाय सुजले होते, आणि सोमवार उद्याच होता. फाटकावरचा वॉचमन इथे गाडी थांबवू नका म्हणून हात करायला लागला. मी गाडी दहा पावलं पुढे घेतली, भिंतीलगत लावली आणि इंजिन बंद केलं.