हानोककाकांचं अळू

आंघोळ माणूस स्वतःसाठी करतो, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. यरुशलेमला आम्ही हानोककाकांच्या शेजारी राहायला गेलो आणि ती दूर झाली. त्यांच्या घरात आंघोळ अळूसाठी होई. मोरीचं पाणी नळीने बाल्कनीतल्या पत्र्याच्या मोठ्या डब्यात सोडलेलं, आणि डब्यात अळू. पानं मरगळली की काका काकूंना ओरडून सांगत, "रिबका, अळूला तहान लागलीय. न्हायला जा!"

"सकाळीच न्हाले की हो!"

"पॉइंट समजून घे. साबण लावू नको. नुसती न्हा."

गड्डा अलिबागकडचा, काकांच्या आईच्या परसातला. इस्राएलला येताना काकांनी तो बनियनमध्ये बांधून आणला. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने विचारलं, हे काय? काका म्हणाले, "गुडघेदुखीचं औषध." कुणाच्या? "हिच्या." काकूंनी तिथल्या तिथे लंगडायला सुरुवात केली. "तेव्हापासून मेले गुडघे खरंच दुखतात," काकू सांगत.

रामल्याच्या बाजारात अरब बागवान अळूचे गड्डे ढिगाने विकतात, असं मी एकदा सुचवून पाहिलं. डालडा दाखवून तूप म्हटल्यासारखं काकांनी माझ्याकडे पाहिलं.

आमच्या घरी असले षौक नव्हते. बाबा कारखान्यात रात्रपाळीला, आई ऑफिसं झाडायला, दोन खोल्यांत सहा माणसं. आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहिलेली पहिली मी. हे मी सगळ्यांना सांगते, तुम्हालाही सांगून ठेवते. काका मला 'प्रोफेसर' म्हणत. त्यात कौतुक किती आणि चिडवणं किती, ते मी विचारलं नाही.

ही सत्तर सालानंतरची गोष्ट. त्या हिवाळ्यात गुडघाभर बर्फ पडला. आमचं शहर तसं शूर, लढायांना सरावलेलं. पण चार बोटं बर्फ पडला की हात वर करतं. बस बंद, वीज बंद, युनिव्हर्सिटी बंद. मोठमोठी माणसं बुटांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधून, एकमेकांना धरून पाव शोधत हिंडत होती. घंटा वाजवत येणारी रॉकेलची गाडी चढाखालीच अडकली.

आमच्या शेगडीतलं रॉकेल संपलं. परीक्षा तोंडावर, म्हणून मी पुस्तकं घेऊन काकांकडे गेले. हॉलमध्ये शेगडीपुढे, सगळ्यांत मानाच्या जागी, अळू बसलं होतं.

"बघ गो," काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "मी लग्नाची बायको इथं गारठतेय, नि ते व्याह्यासारखं शेगडीपुढं!"

"तुला कोट हाय. त्याला हाय कोट?" काका म्हणाले. "एक रात्र गारठलं तर गेलं ते. प्रोफेसर, तू बस. पण मधे येऊ नको."

तेव्हा अळूच्या वशिल्याने मला ऊब मिळाली आणि अभ्यास झाला, हे मान्य करायला हवं.

दुपारी वरची मादलेन रिकामी बाटली घेऊन दारात आली. मोरोक्कोची पोर. नवरा राखीव सैन्यात बोलावलेला, कुठेतरी बर्फात अडकलेला. बाळ दिवस भरायच्या आधीच झालेलं, नुकतंच इस्पितळातून घरी आणलेलं.

"थोडं रॉकेल द्या," ती हिब्रूत म्हणाली. "बाळाचे हात गार पडलेत."

"थेंब मिळणार नाही."

ती अरबीत काहीतरी बोलली. भाषांतराची गरज नव्हती. तरातरा जिना चढून गेली.

"शरम नाय वाटत?" काकू बाहेर आल्या. "पाल्यापायी?"

"पॉइंट समजून घे! रॉकेल घेऊन ती जाळणार कशात? तिच्या शेगडीची वात परवा मीच बघितली, पार खाक झालीय. घर पेटवील येडी."

बोलता बोलता त्यांनी आपली शेगडी विझवली, फडक्याने कडी धरली आणि निघाले. रॉकेलचा डबा घेऊन मी मागे.

मोडक्या हिब्रूत ते मादलेनला म्हणाले, "ही ठेव. धूर करते. माझ्या झाडाला सोसत नाही. परत आणू नको." त्यांनी शेगडी पेटवली, खिडकी दोन बोटं उघडी ठेवली आणि ज्योत निळी होईपर्यंत वातीकडे पाहत बसले. बाळाकडे मान वळवून पाहिलंसुद्धा नाही.

खाली येऊन त्यांनी स्वतःचा कोट अळूभोवती गुंडाळला. काकूंनी गोधडी आणली. मला वाटलं, काकांसाठी. त्यांनी ती अळूवर घातली.

सकाळी पानं उकडल्यासारखी काळी पडली होती. बर्फ वितळल्यावर काकांनी गड्डा उकरून दाबून पाहिला. बोट आत गेलं. माती झटकत ते म्हणाले, "पेपर कधी हाय तुझा?"

वसंतात त्यांनी डब्यात पुदिना लावला. काकांना पुदिन्याचा वाससुद्धा चालत नसे. मादलेनला मात्र चहात तो लागे.

उन्हाळ्यात मी बी.ए. झाले. तोवर मादलेनचं बाळ बसायला लागलं होतं.