फ्रँकफर्ट–आम्स्टरडॅम, मार्गे इंदूवहिनी

इंदूवहिनी रिक्षात बसण्याआधी रिक्षावाल्याला भाडं विचारत नाहीत. "जेवलास काय?" असं विचारतात. नाही म्हणाला तर बसत नाहीत. उपाशी माणूस घरी पोचायच्या घाईत असतो, आणि घाईतल्या माणसाच्या हाती आपला जीव देऊ नये, हा त्यांचा सिद्धांत.

मारुती मंदिराच्या स्टँडवरचे रिक्षावाले आता शहाणे झाले आहेत. वहिनी दिसल्या की लांबूनच ओरडतात, "जेवलो, काकू!" पण तेवढ्यावर सुटका नाही. "काय जेवलास?" "आमटीभात." "कसली आमटी?" इथे नवखा माणूस हमखास फसतो. एक जण असाच फसला. वहिनींनी त्याच्या रिक्षात पाऊल टाकायला नकार दिला, त्याला रिकामी रिक्षा घेऊन मागून यायला लावलं, स्वतः चालत घरी आल्या, त्याला पोटभर कुळथाचं पिठलं आणि भात वाढला, आणि मग त्याच रिक्षात बसून परत स्टँडवर गेल्या, कारण बाजार करायचा राहिला होता.

आमच्या दोन घरांमध्ये एक चिऱ्याचा गडगा, म्हणजे बुटकी भिंत, आहे. त्याच्या अलीकडे उभा राहून मी हे सगळं पाहिलं. मला डॉक्टरांनी धक्क्यांपासून जपायला सांगितलं आहे. डॉक्टर राहतात कुवारबावला, त्यांना काय ठाऊक माझ्या शेजारी कोण राहतं!

"बसण्याआधी उठायचं कसं ते बघावं," हे वहिनींचं आवडतं वाक्य. आरामखुर्ची, होडी, नोकरी, सोयरीक, सगळ्याला हेच माप. आमच्या मुलीला पाहायला पाहुणे आले होते तेव्हा ऐन कांदेपोह्यांत त्या हे वाक्य बोलल्या आणि मुलाची आई उठूनच उभी राहिली. लग्न झालं शेवटी, पण माझं रक्तदाबाचं औषध त्या दिवशी सुरू झालं ते आजही चालू आहे.

वहिनींचे यजमान, म्हणजे आमचे दादा, गेले तेव्हाची गोष्ट आता सांगायला हवी. तेवढ्यापुरतं हसणं बाजूला ठेवतो. वहिनींना दोन मुलगे. थोरला अमोल फ्रँकफर्टला, धाकटा केदार आम्स्टरडॅमला. दादांची तब्येत अचानक बिघडली, तेव्हा दोघांनी फ्रँकफर्टहून एकाच विमानाने निघायचं ठरवलं. अमोल धाकट्याला म्हणाला, तूही इथवर विमानानेच ये. केदार म्हणाला, आगगाडी सरळ तुमच्या विमानतळाखाली येते, मी गाडीने येतो. वाटेत वादळ झालं, तारांवर झाड पडलं आणि आपल्याकडे दरड येऊन गाडी अडकते तशी ती गाडी मधेच अडकली. अमोल विमानतळावर वाट बघत राहिला. विमान सुटायची वेळ झाली तरी तो चढला नाही. दोघे दुसऱ्या दिवशीच्या विमानाने आले, तोवर पुतण्याने अग्नी दिला होता. खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, चपला काढता काढता अमोल एवढंच म्हणाला, "तुला विमानाने ये म्हटलं होतं." केदार काहीच बोलला नाही. त्यानंतर ते दोघे एकमेकांशी अक्षरही बोलेनात.

मी कोर्टातला निवृत्त बेलीफ. जन्मभर भांडणाऱ्या माणसांच्या दारात जाऊन समन्स बजावले. निवृत्तीनंतर तरी सुटका होईल असं वाटलं होतं, पण ह्या दोघांनी मला पुन्हा कामाला लावलं. अमोलचा फोन यायचा, "काका, त्याला सांगा आईच्या डोळ्यांच्या डॉक्टरांशी मी बोललोय." मी केदारला कळवायचं. केदार म्हणायचा, "त्यांना 'बरं' म्हणून सांगा." सख्खा भाऊ, आणि "त्यांना"!

वहिनींना हे सगळं ठाऊक होतं. त्याबद्दल त्या माझ्यापाशी कधी बोलल्या नाहीत. फक्त सणासुदीला दोघांचे फोन वेगवेगळे येऊन गेले की परसात जाऊन उगाच सुपारीच्या झाडांना पाणी घालत बसायच्या, अगदी भर पावसातसुद्धा.

तर गेल्या वर्षी दोन्ही मुलांनी आईला बोलावलं. आधी अमोलकडे राहायचं, मग केदारकडे. पासपोर्ट झाला, व्हिसा झाला, बॅगेत कोकमं आणि फणसपोळी भरून झाली. प्रश्न राहिला एकच. फ्रँकफर्टहून आम्स्टरडॅमला कशाने जायचं?

अमोल म्हणाला, विमान. तासाभराचं काम. वहिनींनी फोनवर त्याची उलटतपासणी घेतली. मी समोरच होतो.

"तासाभराचं, तर तासभर आधी घरातून निघू?"

"नाही आई. विमानतळावर दोन तास आधी जावं लागतं. शिवाय तिकडे उतरल्यावर बॅग, मग गावात यायला पुन्हा गाडी."

"म्हणजे मी रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला जायला आधी संगमेश्वरला जाऊ, तिथे बूट काढून रांगेत उभी राहू, मग उडू, आणि उतरल्यावर परत टेम्पो शोधू?"

मग वहिनींनी मुद्द्यालाच हात घातला. "ते विमान चालवतात ते जेवलेले असतात काय?"

अमोल बिचारा खुलला. त्याला वाटलं, इथे तरी आपली बाजू भक्कम आहे. "जेवतात की! उलट दोघा पायलटना वेगवेगळं जेवण देतात. म्हणजे एकाला बाधलं तरी दुसरा ठीक राहील."

वहिनींनी फोन कानापासून लांब धरला आणि माझ्याकडे बघितलं. "ऐकलंत? आपण बाधणारं वाढतो हे त्यांना आधीपासून ठाऊक आहे!"

मी कपाळाला हात लावला. विमान त्या दिवशी बाद झालं.

मग केदारची बाजू आली. तो म्हणाला, बस. रात्रभर लागेल, पण आई, सरळ घराजवळून बसायचं आणि इकडे उतरायला मी येतो. वहिनींना बस तशी पसंत. एस्टीचा ड्रायव्हर वाटेत आपल्यादेखत जेवतो, बोट चाटून उठतो आणि मगच स्टिअरिंगवर बसतो, हे त्यांनी जन्मभर डोळ्यांनी पाहिलेलं. त्यांनी केदारला फर्मावलं, तिकडचा ड्रायव्हर जेवतो त्याचा फोटो पाठव. आणि त्या वेड्याने खरोखरच बसथांब्यावर जाऊन पाठवला! फोटोत एक धिप्पाड माणूस बसच्या पायरीवर बसून कागदात गुंडाळलेला पाव खात होता.

"हे काय आहे?"

"पाव. आत चीज आणि काकडी," मी म्हणालो.

"गरम?"

"दिसत तर नाही."

वहिनी हबकल्याच. "एवढा मोठा बाप्या! थंड पाव खाऊन रात्रभर गाडी हाकतो? त्याला घरी कोणी नाय काय?" पुढचे दोन दिवस त्यांनी त्या परक्या माणसाबद्दल एवढी हळहळ केली की मला वाटलं, कोकमांच्या जोडीला आता त्याच्यासाठी डबाही बॅगेत जाणार.

एव्हाना सगळी वाडी ह्या प्रश्नावर काथ्याकूट करत होती. आणि तरी एक गोष्ट कोणी बोलत नव्हतं. ह्या दोन गावांमध्ये सरळ आगगाडी जाते. अमोलने तिचं नाव काढलं नाही, केदारने काढलं नाही, आणि मी तर मुळीच नाही. त्या घरात आगगाडी हा शब्द निघत नसे.

मी केदारला फोनवर म्हटलं, "अरे, बसचा एवढा हट्ट का? रात्रभर आईची हाडं खिळखिळी होतील."

तो म्हणाला, "बसमधून उतरता येतं, काका."

मी हे वहिनींना जसंच्या तसं पोचवलं. बेलीफाची सवय, आपल्या पदरचं काही घालत नाही. वहिनी तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. "उतरता येतं म्हणाला?"

"हो."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. खळ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "उद्या देवीला कौल लावू."

आमच्या ग्रामदेवीचा कौल म्हणजे शेवटचा निकाल, त्यावर अपील नाही. देवीच्या अंगावर ओल्या कळ्या लावायच्या आणि गुरवाने गाऱ्हाणं घालायचं. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. देवीने नको म्हटलं म्हणून वहिनींनी परसातली विहीर खोल केली नाही, आणि दर मे महिन्यात घागर घेऊन आमच्या विहिरीवर येतात. इतका त्यांचा कौलावर विश्वास.

गुरव अडला तो गावांच्या नावांवर. "वयनी, ही नावं माज्या तोंडात बसत नायत. देवीला काय सांगू?"

"तू नुसतं थोरल्याकडून धाकट्याकडे म्हण. तिला घर ठाऊक आहे."

गुरवाने हात जोडले. "बाय माजे, ही तुजी लेक थोरल्याकडनं धाकट्याकडं जातेय. इमानानं जाऊ दे काय?" उजवी पडली. "बशीनं जाऊ दे काय?" पुन्हा उजवी. मी सुटकेचा निःश्वास टाकला आणि नारळ उचलायला वाकलो.

"आता गाडीनं विचार," वहिनी म्हणाल्या. "आगगाडीनं."

मी वाकलेला तसाच राहिलो. गुरवाने विचारलं. कळी हलेना. आणि मग कळी सुटली. डावी.

"नको म्हनते, वयनी," गुरव म्हणाला.

वहिनींनी डोळे मिटून नमस्कार केला, "बरं, कळलं," म्हणाल्या, नारळ ठेवला आणि बाहेर येऊन पायांत चपला सरकवता सरकवता मला सांगितलं, "गाडीनंच जायचं."

आयुष्यात मी खुन्याच्या दारात समन्स घेऊन गेलो आहे, पण असा घाबरलो नव्हतो. "वहिनी! कौल मोडणार?"

"ती माझ्या काळजीनं नको म्हणते. आई आहे ती, म्हणणारच. पण मला माझ्या पोराची काळजी आहे. तिला समजेल." आणि चार पावलं गेल्यावर, "संध्याकाळी दोघांना एकत्र फोन लावायचा. तो तोंडं दिसणारा. तुम्ही लावा."

मी हात जोडून म्हटलं, हे एवढं सांगू नका. एकमेकांचं तोंड बघून दोघांनीही फोन आपटला तर होतं तेवढंही जाईल. माझ्यामार्फत का होईना, पण निरोप तरी जातात. वहिनी म्हणाल्या, "गेले तर गेले. निरोपांवर किती वर्षं काढायची?" त्यांचा आवाज कापत होता. त्यांना भीती वाटते हे मला तोवर ठाऊकच नव्हतं.

संध्याकाळी फोन लावला. पडद्यावर एका चौकटीत अमोल आला, दुसऱ्या चौकटीत केदार. दोघांनीही आधी एकमेकांना पाहिलं आणि दोघांनीही नजर वळवली. कोणी फोन बंद केला नाही, हेच नशीब.

"मी गाडीनं जाणार," वहिनी म्हणाल्या.

अमोल भडकला. "आई, गाडीनं? काही कळतंय का तुला? त्या दिवशी ह्याच गाडीनं..." आणि तिथेच थांबला. केदारने मान खाली घातली.

"तेच म्हणते मी," वहिनी म्हणाल्या. "त्या दिवशी तू विमानतळावर होतास. माझ्याभोवती अख्खी वाडी होती. ह्यांना खांदा द्यायला माणसांची रीघ लागली होती. हा तेवढा एकटा त्या गाडीत बसून होता. त्याचं तिथे काय झालं ते कोणी विचारलंय त्याला? तू नाय विचारलंस. मी पण नाय विचारलं."

मग केदार मान वर न करताच बोलू लागला. गाडी शेतात उभी होती. दिवे गेले होते. बाबा गेल्याचा फोन त्याला तिथेच आला. त्याला उतरून चालत सुटायचं होतं, कुठेही, पण दार उघडत नव्हतं. दोन डब्यांच्या मधल्या जागेत तो उभा राहिला, दार उघडेपर्यंत. "लोक मला विचारत होते काय झालं म्हणून," तो म्हणाला, "आणि मला त्यांच्या भाषेत सांगताच येईना."

एवढी वर्षं मी ह्या मुलाचे निरोप ने-आण करत होतो. त्याच्या "बरं"च्या मागे हे होतं.

"ती जागा मला दाखव," वहिनी म्हणाल्या. "तू तिथे एकटा होतास, ते मला सहन होत नाय. आपण दोघं त्या शेतावरून जाऊ."

मी अमोलकडे बघितलं. तो रडत होता. एवढा मोठा साहेब, बाही डोळ्यांना लावून लहान मुलासारखा रडत होता. नाक ओढून म्हणाला, "तिघं. तीन जागा काढतो मी."

केदारने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. "पण मग मला आधी तिकडे यायला हवं." जरा घुटमळला. "कशाने येऊ?"

"कशानेही ये रे," अमोल म्हणाला. "मी थांबतो."

मी फोन तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवला आणि पडवीत येऊन डोळे पुसले. आत दोघे भाऊ बोलत होते, आणि जन्मात पहिल्यांदाच वहिनी मधे तोंड घालत नव्हत्या.