दुसऱ्यानं भरलेली सॅक

साळवे सिस्टरांच्या ओसरीवर कुणालाही स्वतःची सॅक स्वतः भरायची मुभा नव्हती. शुक्रवारी संध्याकाळी चटईवर आम्हा गड चढणाऱ्यांच्या जोड्या बसायच्या. मी तुमची भरायची, तुम्ही माझी. शनिवारी गडावर आतून जे निघेल ते निमूट वापरायचं.

सिस्टरांनी पस्तीस वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात काढली होती. निवृत्त होऊन संगमनेरला राहायला आल्या, तरी वॉर्ड सुटला नव्हता. ज्याची सॅक तो ‘पेशंट’, भरणारा ‘नातेवाईक’. “पेशंटनं बोलायचं न्हाई,” त्या बजावायच्या. “पेशंटला इचारलं तर तो लोनचंच मागतो.” भरलेली सॅक दोन्ही हातांवर घेऊन त्या क्षणभर डोळे मिटायच्या. “साडेसहा किलो. बाळ लईच गुटगुटीत हाय. चादर काढ.”

जीन्सवर त्यांचा विशेष राग. “भिजली की मानूस तिला नेत न्हाई, ती मानसाला नेती.” कुणी नवे बूट घालून आला की म्हणायच्या, “नवा बूट म्हंजी नवा जावई. आठ दिस घरात फिरवून बघायचा, मग चारचौघांत न्यायचा.”

आमच्यात एक वकील होते. त्यांची सॅक त्यांची पत्नी भरायची. एका आठवड्यात वकिलांनी तीनदा दुधीची भाजी ताटात तशीच ठेवली. शनिवारी कळसूबाईच्या माथ्यावर डबा उघडला, तर आत दुधीच. त्यांनी सिस्टरांकडे दाद मागितली. “नातेवाइकानं पथ्य दिलंय,” सिस्टर म्हणाल्या. “मी काय करू?” वकील डबा पुसून जेवले.

हा नियम कशासाठी, असं मी एकदा विचारलं होतं.

“आपली आपन भरली की मानूस भीती भरतो. दुसऱ्याची भरताना त्याच्याकडं बघावं लागतं.”

त्यांची स्वतःची खाकी सॅक मात्र त्या दार लावून आत भरायच्या. “तुमचा नातेवाईक कोण, सिस्टर?” वकिलांनी छेडलं. “रजेवर हाय,” एवढं बोलून त्या दुसऱ्याची चादर काढायला वळल्या.

माझी जोडी माझ्या थोरल्या भावाशी होती. आम्ही दोघंही एकटेच, एका घरात राहणारे. दादा बँकेतून निवृत्त झालेला, मी कॉलेजच्या ग्रंथालयात. सिस्टर त्याला थोरला म्हणत, मला धाकला. मला चपातीपेक्षा भाकरी जड जाते, उतारावर माझा उजवा गुडघा कुरकुरतो, हे मी दादाला कधी सांगितलं नव्हतं. गुडघ्याची पट्टी तरीही सॅकमध्ये असायची.

गेल्या वर्षी रतनगडाला निघताना मी दादाचं जुनं जाकीट काढून ठेवलं आणि नवं, हलकं भरलं. पाऊण किलो कमी झालं म्हणून सिस्टरांनी शाबासकी दिली. दादाची छातीत दुखण्यावरची गोळी, जिभेखाली ठेवायची, जुन्या जाकिटाच्या आतल्या खिशात असायची. मला ते माहीत होतं. नऊ वर्षं माहीत होतं. त्या संध्याकाळी आठवलं नाही. याहून मोठं कारण मला अजून सापडलेलं नाही.

गडाच्या शिडीखाली दादा बसला. त्यानं खिसा चाचपला, मग माझ्याकडे पाहिलं.

“जाकीट घरी राहिलं का रे?” त्यानं विचारलं. जशी एखादी छत्री राहावी तसं.

सिस्टर त्याच्या छातीवर दाब देत राहिल्या. रतनवाडीच्या माणसांनी घोंगडीची झोळी करून त्याला खाली आणलं, तेव्हा घाई कुणालाच उरली नव्हती. गोळी असती तरी काही सांगता आलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. लोक हे वाक्य मला सांत्वन म्हणून ऐकवतात. मी ते बरेचदा तपासून पाहिलं आहे. तो वाचला नसता, असं त्यात कुठेही नाही.

त्यानंतर मी ओसरीवर गेलो नाही. सिस्टर अधूनमधून घरी येत, चहा घेत, पेपर चाळत. गडाचं नाव काढत नसत.

मागच्या शुक्रवारी आल्या त्या खाकी सॅक घेऊन. सॅक रिकामी होती. सामानाचं गाठोडं वेगळं. दोन्ही माझ्यासमोर ठेवून त्या खुर्चीत बसल्या.

“भर.”

“मला नाही जमायचं, सिस्टर. तुम्ही होतात तिथं. तुम्हाला सगळं माहीत आहे.”

“हुते की. शाबासकी मीच दिल्ती.”

मग त्यांनी गाठोड्यातून गोळ्यांची डबी काढून माझ्यापुढे सरकवली.

“पांढरी साखरेची, सकाळी जेवनाआधी. पिवळी बीपीची, रात्री अर्धी. आन चढावर डोळ्यांपुढं अंधारी आली तर गुळाचा खडा. लगीच हाताला लागंल असा ठिव.”

“अंधारी येते तुम्हाला? कधीपासून?”

“सात वरसं झाली.”

“कुणाला माहीत आहे?”

त्यांनी खरंच विचार केला. “मेडिकलवाल्याला,” त्या म्हणाल्या.

मी जमिनीवर बसलो. पांढऱ्या गोळ्या एका पुडीत बांधल्या, पिवळ्या दुसरीत, वर पेन्सिलीनं लिहिलं. पुड्या ठेवल्या, काढल्या, पुन्हा पाहिल्या. गूळ आधी वरच्या कप्प्यात ठेवला, मग काढून कमरेच्या पट्ट्याजवळच्या खिशात. सिस्टरांना उभं केलं, सॅक पाठीला धरली.

“हात मागं न्या. लागला?”

“लागला.”

“डावा हात?”

“त्योबी लागला.”

सॅक खाली ठेवून मी म्हणालो, “एकदा उघडून बघून घ्या.”

सिस्टरांनी वरची नाडी आवळून गाठ मारली आणि सॅक तशीच पाठीवर घेतली.

“उद्या सकाळी गडाकडं सहाची राजूर गाडी हाय,” त्या म्हणाल्या. “तुजी आन हिकडं.”