पोस्टमास्तरांचं पिस्तूल

धोकादायक वस्तू योग्य माणसाच्याच हाती पडावी, असा प्रत्येक सुसंस्कृत राष्ट्राचा आग्रह असतो. त्यामुळे ज्याला तिचं काडीचं काम नाही, त्याच्याच हाती ती बहुधा पडते. चेक प्रजासत्ताकातल्या त्रेबिच गावचे निवृत्त पोस्टमास्तर लेओपोल्ड कुबेल्का असे सर्वार्थाने योग्य गृहस्थ होते. छत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी आवाज चढवला तो एकदाच, आणि तोही एका बहिऱ्या पेन्शनरासाठी.

साठी उलटल्यावर त्यांना १९५२ सालचं लष्करी पिस्तूल घ्यावंसं वाटलं. अर्जात त्यांनी संग्रह आणि नेमबाजी असे दोन्ही रकाने भरले. (संग्रह म्हणजे एक नग. सुरुवात कुठून तरी करावी लागतेच.)

"कुणाला मारायचंय?" बायको द्राहोमिरानं बटाटे सोलता सोलता विचारलं.

"कागदाला."

"मग कात्री घे की!"

सरकारही तितकंच चौकस निघालं. डॉक्टरांनी विचारलं, "राग येतो का?" कुबेल्कांनी प्रामाणिकपणे विचारलं, "कुणाचा?" हे उत्तर मानसिक आरोग्याचा पुरावा म्हणून नोंदवण्यात आलं. लेखी परीक्षेत त्यांना तीसपैकी तीस पडले. सोबतचे दोन दांडगे शिकारी नापास झाले. (ते पुढच्या महिन्यात पास झाले. शस्त्राच्या बाबतीत चिकाटीला महत्त्व आहे.)

दुकानदारानं पिस्तूल फडक्यावर ठेवलं. "तीस वर्षं तेल लावून कोठारात पडून होतं, मास्तर. एकही लढाई पाहिली नाही यानं."

कुबेल्कांना गलबलून आलं. त्यांचंही तसंच झालं होतं, तेलाचा भाग सोडला तर.

नेमबाजीच्या मैदानावर पहिल्याच गोळीला एवढा जाळ आणि आवाज झाला की ते पिस्तुलाला "माफ करा" म्हणाले. दहातली एक गोळी शेजारच्या गृहस्थाच्या लक्ष्यात मधोमध लागली. गृहस्थानं ती आपल्या नावावर लावून घेतली. तक्रार आली नाही. कुबेल्का शीळ वाजवत घरी परतले.

खरी भानगड केली ती पिस्तूल ठेवायला घेतलेल्या तिजोरीनं. इमारतीला लिफ्ट नाही. तीन हमालांनी ती पोलादी पेटी तिसऱ्या मजल्यावर चढवायला घेतली, तेव्हा सगळी दारं किलकिली झाली.

"एवढं काय ठेवणार हो त्यात?" इमारतीच्या अध्यक्षा हावर्लांतबाईंनी विचारलं.

"आमच्या लिओचं पिस्तूल," द्राहोमिरा म्हणाली.

आता, तळघरातल्या बॉयलरची धुराची नळी तडकली आहे, हे कुबेल्का सहा वर्षं सहा वार्षिक सभांत सांगत आले होते. इतिवृत्तात दर वेळी एवढंच येई: "श्री. कुबेल्का बोलले." सातव्या सभेत ते उठले आणि खुर्च्या करकरायच्या थांबल्या.

"बोला ना, मास्तर. सावकाश बोला," हावर्लांतबाई म्हणाल्या.

ठराव चार मिनिटांत एकमताने मंजूर झाला. वरच्या मजल्यावरच्या इसमानं तर रविवारी भिंतीला भोकं पाडणार नाही, असं न मागता वचन दिलं.

नळी काढली तेव्हा मिस्त्री पांढराफटक पडला. "आणखी एक हिवाळा असाच गेला असता ना, तर विषारी वायूनं झोपेतच आटोपली असती अख्खी इमारत."

इमारतीत अठ्ठेचाळीस माणसं होती. त्यांत सात लहान मुलं.

कुबेल्का त्या दिवशी जेवले नाहीत. "सहा वर्षं हेच सांगत होतो गं मी. अगदी ह्याच शब्दांत," ते म्हणाले. "विकून टाकतो ते पिस्तूल."

द्राहोमिरानं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग म्हणाली, "विक. पण आधी छपराचा ठराव होऊ दे."

छपराचा ठराव वसंतात झाला. सध्या लिफ्टचा चालू आहे.

वाचकांनी त्या इमारतीतल्या लोकांना हसू नये. 'तडकलेल्या नळीविषयी एका पोस्टमास्तराचं म्हणणं' असं शीर्षक वर असतं, तर आपणही हे पान उलटूनच पुढे गेला असतात.