वेला आजीच्या मापाचा बॉयलर

हॉटेल पेलिकनचा बॉयलर फुटला, तो नेमका औषधवाल्या दिमोव्हच्या मयताच्या सकाळी. व्हिएन्नाहून आलेली त्याची मुलगी तेव्हा डोक्याला शाम्पू लावून न्हाणीघरात उभी होती. नळाला आधी खोकला आला, मग गंजाचं पाणी आलं, मग काहीच नाही. बिचारी केसांवर वाळलेल्या फेसासकट चर्चमध्ये उभी राहिली. गावातल्या म्हाताऱ्या हळहळल्या, "बापाच्या दुःखानं एका रात्रीत पिकली गं पोर!"

हॉटेलचा मालक झाहारी मागच्या रांगेत हे ऐकत होता. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते त्याला प्रत्यक्ष शवपेटीच्या साक्षीनं कळलं.

डॅन्यूबकाठचं ते गाव वर्षानुवर्षं रिकामं होत चाललं होतं. कारखाना बंद पडला, मग आगगाडी बंद पडली. तरुण माणसं स्पेनला गेली, इटलीला गेली. त्यांची लग्नं तिकडे, बारशी तिकडे. गावाकडे ती येत, ती फक्त कुणाला तरी पुरायला. त्यामुळे पेलिकनच्या खोल्या एरवी कुबट वासानं भरलेल्या असत. विजेच्या खांबावर काळ्या चौकटीतला, नुकत्याच गेलेल्या कुणाचा नवा फोटो चिकटला, की दोन दिवस माणसांनी भरत. झाहारीची बायको दोन्का म्हणायची, "आपलं पोट मेलेल्यांवर चाललंय. आणि आता मरायलासुद्धा फार कुणी उरलं नाही."

दुसऱ्या दिवशी व्रात्सा शहरातून प्लामेन नावाचा बॉयलरवाला आला. तरुण, चुणचुणीत, कामाचा पक्का. खालच्या खानावळीत बसून त्यानं विचारपूस सुरू केली.

"काका, सगळ्यात जास्त गर्दीचा तास कोणता, ते सांगा. त्या एका तासात किती जण अंघोळ करतात, त्यावर माप ठरतं. खोल्या किती, याला अर्थ नाही. लहान घेतलात तर मागचे लोक गारठणार. मोठा घेतलात तर रिकाम्या हॉटेलसाठी पाणी तापत बसणार."

"गर्दीचा तास म्हणजे मयताची सकाळ," झाहारी म्हणाला. "चर्चला जायच्या आधी सगळे एकदम न्हाणीत घुसतात."

"मग माणसं किती धरू?"

"ते कोण मरतंय त्यावर आहे."

प्लामेननं मान डोलावली. त्याला हे गैर वाटलं नाही. तो फक्त आकड्याची वाट बघत होता. झाहारी छताकडे बघत मोठ्यानं विचार करू लागला. "सगळ्यात मोठं मयत म्हणजे वेला आजीचं. सात मुलं, सगळी बाहेर. सुना, जावई, नातवंडं धरून चाळीस तरी होतील."

"मग हजार लिटरचा लागेल. आणि हे साधारण कधी होईल?"

"मला काय विचारतोस? देवाला विचार!"

"तसं नाही हो काका. माल यायला तीन आठवडे लागतात म्हणून विचारलं."

शेजारच्या टेबलावर मेतोदी आतड्यांचं सूप पीत बसला होता. बंद पडलेल्या स्टेशनाचा हा निवृत्त स्टेशनमास्तर. टोपी अजून घालायचा. त्यानं चमचा खाली ठेवला. "आणि माझ्या मयताला किती धरलेस रे?"

झाहारी सरळ माणूस. विचारलं, तर उत्तर दिलं. "तुझ्या? मुलगा कॅनडात. तो येईल. बायकोची बहीण... चार धर."

"चार?" मेतोदीचा आवाज चिरकला. "उभ्या जन्मात या गावाची गाडी एकदा चुकू दिली नाही मी! आणि मला चार?"

"पाच धरतो. चिडू नकोस."

"भाजीबाजार आहे काय हा?" मेतोदी उठला आणि सूप तसंच टाकून तरातरा निघून गेला. सूप टाकून मेतोदी उठला, यावरूनच दोन्कानं ओळखलं, की आता काही खरं नाही.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की झाहारी माणसं मोजतोय. ज्यांना तो मरणाच्या रांगेत धरतोय असं कळलं, त्यांना राग आलाच. पण ज्यांचा आकडा लहान निघाला, त्यांचा राग त्याहून मोठा. पाववाली दारात येऊन म्हणाली, "माझ्या भाचीला विसरलास. ती बार्सिलोनाहून नक्की येईल." एक जण तर हक्कानं सांगून गेला, "मला वीसच्या खाली धरशील, तर मी तुझ्याकडे येणारच नाही. दुसऱ्या गावी जाऊन मरेन." आणि जो तो वेला आजीच्या घरी डोकावून तिची तब्येत विचारू लागला. कुणी मध नेला, कुणी कोंबडीचं सूप. आजी सगळं ठेवून घेई आणि म्हणे, "मला काय झालंय, ते मला सोडून सगळ्यांना माहीत दिसतंय."

"आता मोठा बॉयलर आण, म्हणजे झालं!" दोन्का कडाडली. "गाव म्हणेल, हा कावळ्यासारखा छपरावर बसून वाट बघतोय."

"मग काय करू?"

"लहान आण. म्हणजे कळेल सगळ्यांना, की झाहारीला कुणाच्या मरणाची घाई नाही."

म्हणून झाहारीनं दीडशे लिटरचा बॉयलर बसवला. प्लामेननं स्क्रू पिळता पिळता दोनदा विचारलं, "काका, नक्की ना?" झाहारी म्हणाला, "नक्की. आमच्या गावात आता कुणी मरत नाही." गाव शांत झालं. मेतोदीसुद्धा सूप प्यायला परत आला, फक्त पाठ करून बसू लागला.

पण बातमी तोवर फोनवरून स्पेनला पोचली होती, आणि वाटेत तिला पंख फुटले होते. सारागोसात म्हाताऱ्यांची सेवा करणाऱ्या मालिनाला, म्हणजे वेला आजीच्या थोरल्या लेकीला, कळलं ते असं: आईचे दिवस भरले आहेत, हॉटेलवाल्यानं मयतासाठी खास बॉयलरसुद्धा आणला आहे. तिनं पेलिकनला फोन लावला.

"दोन्का, सगळ्या खोल्या राखून ठेव. आई कशी आहे?"

"बरी आहे की!"

"बरी म्हणजे काय, ते मला माहीत आहे. मीही नातेवाइकांना असंच सांगते." मालिना रडायला लागली आणि फोन कट झाला. दोन्कानं पुन्हा पुन्हा लावून पाहिला; तोवर तिकडे सातही भावंडांनी रजा टाकल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी काळ्या कपड्यांनी भरलेल्या गाड्या गावात शिरल्या. वेला आजी अंगणात पिंपात कोबी भरत बसली होती. फाटकातून सात मुलं, सुना, जावई आणि ज्यांची भाषा कळत नाही अशी नातवंडं आत आली. आजीनं मिठाचे हात एप्रनला पुसले, सगळ्यांकडे नीट बघितलं आणि घाबरून विचारलं, "कोण गेलं?"

मालिनानं पुष्पचक्र हळूच गाडीत सारलं.

संध्याकाळी चाळीस माणसं प्रवासाची धूळ घेऊन पेलिकनच्या न्हाणीघरांत शिरली. पहिल्या पाचांना गरम पाणी मिळालं. सहाव्यानं इटालियनमध्ये किंकाळी फोडली, त्यापुढच्यांनी स्पॅनिशमध्ये. मालिना टॉवेल गुंडाळून जिन्यावर आली. "झाहारीकाका, आईसाठी खास आणलेला बॉयलर म्हणतात, तो हाच का?"

"नाही पोरी," झाहारी ओशाळून म्हणाला. "तो आणला असता, तर तू आत्ता गरम पाण्यात असतीस."

शेवटी भावांनी आजीच्या परसातली दारू गाळायची तांब्याची कढई उचलून आणली आणि खाली लाकडं पेटवली. पन्नाशीचे मुलगे उघडे होऊन अंगणात बसले. आजी खुर्चीवर बसून हुकूम सोडत होती, "कानामागं चोळ! लहानपणीही असाच कंटाळा करायचास." नातवंडं हसत होती. तीन दिवस गावात एवढा गलका होता, की मेतोदी टोपी घालून स्टेशनावर एक चक्कर मारून आला. उगाच.

मग गाड्या गेल्या. दुसऱ्या दिवशी वेला आजी काठी टेकत पेलिकनमध्ये आली. झाहारी मान खाली घालून म्हणाला, "आजी, चूक झाली. प्लामेनला सांगून मोठा बॉयलर मागवतो."

"वेडा आहेस का रे पोरा?" आजी खुर्चीवर टेकली. "तुझं माप बरोबर आहे. मालिनाची वर्षाची रजा संपली. धाकट्याला तर मालकानं सोडलंच नव्हतं, तो काम टाकून आला. आई एकदाच मरते, असं सांगून आले होते सगळे. आता पुन्हा काय सांगतील? माझं मयत होऊन गेलं रे. छान झालं. मला बघायला मिळालं." तिनं आजूबाजूला पाहिलं. "जरा सूप असेल तर दे."

दोन्का आत जाऊन बराच वेळ भांडी वाजवत राहिली.

मार्चमध्ये, नदीवरचं धुकं उठत नव्हतं त्या दिवसांत, वेला आजी गेली. मालिना आली, एक भाऊ आला आणि दोन नातवंडं. सकाळी न्हाणीघरांत पाणी वाजायला लागलं, तसा झाहारी जिन्याच्या पायथ्याशी येऊन उभा राहिला. वरून कुणीतरी, कुठल्याही भाषेत, पाणी गार आलं म्हणून ओरडेल, याची तो वाट बघत होता.

एकेक करून नळ बंद झाले. कुणी ओरडलं नाही. सगळ्यांना पुरून पाणी उरलंही. दोन्कानं त्यात भांडी घासली.