आधी दात, मग पाणी

आमच्या गावात पाटात पोहायला उतरायचं, तर आधी तोंड उघडून दाखवावं लागे. पुलाशी गेनूमामा बसलेले असत. "आ कर," म्हणायचे. मग हनुवटी धरून तोंड उन्हाकडे वळवायचे आणि बाजारात बैल बघावा तसे एकेक दात बघायचे. दात घासलेले नसले, तर तुम्ही पाटलाचे का असेनात, काठावर बसून दुसऱ्यांचं पोहणं बघायचं.

गेनूमामा पाटकरी होते. कालव्याचं पाणी कुणाच्या शेताला कधी सोडायचं, ते बघणारा सरकारी माणूस. आमचं गाव राहुरीकडचं, भंडारदऱ्याचं पाणी पाटाला सुटलं की सगळी पोरं पुलावर. सरकारनं मामांना पाणी वाटायला नेमलं होतं. दात तपासायचं काम त्यांनी स्वतःहून अंगावर घेतलं होतं. कुणी बागाईतदार घाईनं येऊन "मामा, आमची बारी झाली" म्हणाला, तर मामा मान न वळवता सांगायचे, "थांबा वाईच. हिची दाढ किडलीया."

यामागे त्यांचं एक शास्त्र होतं. "पव्हनारा मानूस तोंडानं दम घेतो. तोंडातली घान पान्यात, पान्यातली घान पोटात. आधी दात, मग पानी." त्याच पाटात वरच्या अंगाला गावच्या म्हशी दिवसभर बसलेल्या असत. मी एकदा धीर करून म्हशींचं काय, असं विचारलं. मामा म्हणाले, "म्हशी गूळ खात न्हाईत."

गूळ आणि ऊस हे त्यांचे हाडवैरी. आता उसाच्या मुलखात राहून उसाशी वैर धरायचं म्हणजे कमालच. पण ऊस खाऊन आलेल्या पोराला ते मोजून दहा चुळा भरायला लावत, त्याही खळखळून. दात घासायला बाभळीच्या कोवळ्या काड्या पुलाजवळच्या त्यांच्या चौकीत कायम तयार. माझी काकी मिश्री लावायची. ती धुणं घेऊन पाटावर आली की मामा लांबूनच ओरडत, "वैनी, त्ये काळं आधी थुका!" काकीही कमी नव्हती. "माझ्या तोंडाचा पाटकरी तुमाला कुनी केलं?" म्हणायची आणि तोंड भरून मिश्री लावायची.

माणसं त्यांना नावानं आठवत नसत, दातांनी आठवत. एका लग्नात अक्षता पडल्यावर ते नवरदेवापाशी गेले. सगळ्यांना वाटलं, आशीर्वाद देणार. तर म्हणाले, "उजवीकडची दाढ काढली का रं शेवटी?" नवरदेवानं मुंडावळ्यांसकट तोंड उघडून दाखवलं. लहानपणची सवय, दुसरं काय!

मुलींनी पोहू नये, असं गावात बरेच जण म्हणत. मामांना ते पटायचं नाही. "पाटाच्या कडंला ऱ्हानारी पोरगी पव्हायला नगं? बुडाल्यावर शिकवनार का?" मी त्यांच्याकडेच पोहायला शिकले. फक्त एक गोष्ट ते कुणाला करू देत नसत. डोकं खाली करून सूर मारायचा नाही. उडी मारायची ती पायांवर.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या उन्हाळ्यात मी अकरा वर्षांची होते. पाणी बंद व्हायचे दिवस होते, पाट उतरत चालला होता. मामा पाटाच्या खालच्या दारावर पाणी वळवायला गेलेले बघून मी पुलावरून सूर मारला. पाणी कंबरेएवढंच होतं. तोंड काठाच्या दगडावर आपटलं. वर आले तेव्हा तोंडात रक्त होतं आणि समोरचा वरचा दात अख्खाच्या अख्खा हातात आला होता.

काकी धुणं टाकून धावली. तिनं माझ्या हातातला दात घेतला आणि रीतीप्रमाणे चौकीच्या पत्र्यावर भिरकावला. "रडू नगं, पडलेला दात छपरावर टाकला की नवा येतो," म्हणाली. दुधाचे दात पडले तेव्हा तिनंच ते आमच्या कौलांवर टाकले होते. हा दात दुधाचा नाही, हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

तेवढ्यात मामा आले. काय झालं ते ऐकताच त्यांनी धोतराचा काचा मारला आणि पन्नाशीचा तो माणूस तापलेल्या पत्र्यावर अनवाणी चढला. दात सापडला. शेंड्याला धरून त्यांनी तो पाटाच्या पाण्यात नुसता बुचकळला. "मुळाला बोट लावायचं न्हाई. हिच्या तोंडात ठिवला तर रडता रडता गिळंल," म्हणाले, आणि दात स्वतःच्या गालात धरला.

तिथून नगरपर्यंत गेनूमामा बोलले नाहीत. मी, काकी आणि मामा एस.टी.त बसलो. कंडक्टरनं कुठं जायचं म्हणून विचारलं, तर मामांनी बोटानं रस्ता दाखवला. "कुठं?" पुन्हा बोट. कंडक्टर म्हणाला, "मुकं हाय का म्हातारं?" काकीनं पहिल्यांदाच मामांची बाजू घेतली. "मुकं न्हाई, त्येंच्या तोंडात पोरीचा दात हाय."

नगरच्या दातांच्या डॉक्टरांनी दात धुऊन जागेवर बसवला, तारेनं शेजारच्या दातांना बांधला. दात रुजेलच असं नाही, पण ओला ठेवून लवकर आणलात हे फार चांगलं केलंत, म्हणाले. कुणी सांगितलं तुम्हाला, असं त्यांनी विचारलं. मामांना आता बोलता येत होतं. ते खाली बघून म्हणाले, "तुमच्यासारख्याच एका डाक्टरनी. तवा उशीर झाल्ता."

परतीच्या गाडीत त्यांनी काकीला सांगितलं. "माज्या भैनीला, ठकीला, सूर मारायला मीच शिकिवलं. असाच दात पडला. सगळी म्हनली कौलावर टाक, मी टाकला. दुसऱ्या दिशी शोधून नगरला नेला, तर वाळला हुता. तीन स्थळं परत गेली. शेवटी बिजवराला दिली. ती मला बोल लावत न्हाई. पर माज्याम्होरं तोंडावरचा पदर काढत न्हाई." काकीनं पदर डोळ्यांना लावला.

विळद घाट उतरल्यावर एका फाट्यावर मामा उठले. "वाईच उतरू. धा मिन्टाचं काम हाय." फाट्यालगतच्या वस्तीवर ठकूमावशी दळण निवडत बसली होती. भावाला बघताच तिनं पदर ओढून दातांत धरला. मामांनी मला पुढं केलं. "आ कर," म्हणाले. आवाज नेहमीचा नव्हता. मी तोंड उघडलं. "ठके, बघ. हिचा बसिवला. येळंवर नेला ह्या बारीला."

मावशी कितीतरी वेळ माझ्या तोंडात बघत राहिली. माझ्या ओठाच्या कडेला रक्त सुकलं होतं. तिनं पदराचं टोक ओलं करून ते पुसायला घेतलं. तोंड मोकळं पडलं आणि समोरच्या दातांतली खिंड दिसली. तिच्या ते ध्यानात आलं, तरी तिनं पदर परत ओढला नाही. "लई दुखलं का गं?" तिनं मला विचारलं. मग भावाकडे सरळ बघून म्हणाली, "उभा का ऱ्हायलास, दादा? बस की."

मामा तिथंच जमिनीवर बसले आणि पोरासारखे रडले.