भालेरावकाकांचा वाढता दगड

मार्चमध्ये कोरोनाने सगळं बंद झालं आणि हॉलंडमधल्या आमच्या नीउ-व्हेनेपच्या गल्लीत घरोघरी खिडकीत टेडी अस्वलं बसली. फिरायला निघालेल्या पोरांनी ती शोधत जावं, असा बेत होता. भालेरावकाकांनी खिडकीत दगड बसवला.

साधा नव्हे, जपानी. लेक लग्न होऊन गिफूला गेली, तिच्याकडून आणलेला. मुठीएवढा, बारीक खडे एकमेकांना चिकटून झालेला. डिंकाचा लाडू कपाटामागे वर्षभर राहिला तर असाच दिसेल. काका नायमेखनच्या चिप बनवणाऱ्या कंपनीतून निवृत्त झालेले, काकू गेल्यापासून एकटे. आमच्या सत्यनारायणाला येऊन, दोनदा शिरा खाऊन, वर आम्हालाच विज्ञान ऐकवणारा हा माणूस. तोच आता शेजाऱ्यांना दीड मीटरवर उभं करून सांगू लागला, "याला साझारेइशी म्हणतात. हा वाढतो."

"दगड वाढतो?"

"निरीक्षण करा, मत नंतर." हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. मग गोष्ट यायची. तिकडे कुणा यात्रेकरूने एक खडा उचलला, किमोनोच्या बाहीत टाकून घरी आणला आणि तो वाढत वाढत एवढा झाला की गावाने त्याचा देव केला. आमच्या शेंदूर लावलेल्या दगडांना मात्र काका अंधश्रद्धा म्हणत.

एप्रिलमध्ये मराठी मंडळाच्या ग्रुपवर त्यांनी फोटो टाकला. दगड नारळाएवढा झाला होता. खाली लिहिलं होतं, "वाढ समाधानकारक." त्यावर चार जणांनी हात जोडले. बायको म्हणाली, "लॉकडाऊनमध्ये आपण सगळेच वाढलोय, दगडाने काय घोडं मारलंय?"

मे महिन्यात तो आणखी वाढला. मी खिडकीशी जाऊन नीट पाहिलं. खडेबिडे काही नव्हते, चांगला गुळगुळीत होता.

"काका, आधी लाडू होता. हा बटाटा आहे."

"वाढताना रूप बदलतं. जन्मलास तेव्हा तू असाच दिसत होतास का?"

दुसरा कुणी असता तर मी सोडून दिलं असतं. पण इतकी वर्षं विज्ञानाच्या नावाने छळणाऱ्या माणसाला रंगेहाथ पकडायची संधी सोडावी, एवढा मी उदार नाही.

जूनच्या एका रविवारी ती संधी आयती चालून आली. कुंड्या आणायला मी सायकलने बागसामानाच्या दुकानात गेलो, तर मागच्या बाजूला, शोभेच्या दगडांच्या ढिगाशी काका उभे. एक दगड उचलायचे, कोपराच्या खोबणीत ठेवायचे, डोळे मिटायचे आणि परत ठेवायचे. झाडांना पाणी घालणारी दुकानातली मुलगी घाबरून बघत होती. मग एक दगड पसंत पडला. तो त्यांनी कापडी पिशवीत घातला आणि प्रवासाच्या बॅगा तोलायच्या काट्याला अडकवला.

मी मागून म्हणालो, "वाढला वाटतं दगड."

काका दचकले नाहीत. काटा वाचत म्हणाले, "सव्वासहा किलो हवाय. सकाळीच गिफूहून कीर्तीने त्याचं वजन कळवलं."

"कुणाचं?"

"नातवाचं. एप्रिलमध्ये झाला. माझं तिकीट काढलेलं होतं रे. जपानने दारं लावून घेतली."

"मग ग्रुपवर सांगायचं ना, काका."

"सगळे हळहळले असते. त्यापेक्षा हसलात ते बरं." त्यांनी दगड पिशवीतून काढून पुन्हा हातावर घेतला. "फोनवर तो रोज दिसतो. वजन दिसत नाही. कधी जायला मिळेल कोण जाणे, आणि गेल्यावर मला पेललाच नाही तर? घेतला आणि लगेच खाली ठेवला, असं नको व्हायला. म्हणून रोज तासभर याला घेऊन फिरतो घरात."

पकडल्यावर काय काय बोलायचं ते मी महिनाभर घोकून ठेवलं होतं. ते राहू देऊन मी त्यांच्या हातातला काटा आणि पिशवी घेतली.

पैसे देऊन आम्ही बाहेर आलो. काकांना धाप लागली होती. मी दगड त्यांच्याकडून घेतला आणि बॅग मारावी तसा काखेत मारला.

"असा नको," काका घाईने म्हणाले. "मानेखाली हात धर."

मी दगडाच्या मानेखाली हात धरला, आणि आम्ही हळूहळू सायकलींकडे चालू लागलो.